जाळल्याने जागा स्वच्छ होते काय?

सार्वजनिक जमिनीवरील बांधकामे पाडणे ही गोव्यात आता अपवादात्मक घटना राहिलेली नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये सांगोल्ड्याला कोमुनिदादीच्या जमिनीवरील २२ घरे जमीनदोस्त झाली. पुढे ६ मार्च २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रस्त्यालगतच्या आणि शेतजमिनींतील बेकायदा बांधकामांविरुद्ध कारवाई करण्याचे निर्देश दिले. कोणते बांधकाम पाडावे व कोणते राखावे, हा आमचा आजचा विषय नव्हे. यंत्रे निघून गेल्यावर मागे जो ढिगारा उरतो त्याचे काय करावयाचे, एवढाच प्रश्न आम्ही येथे घेत आहो. ‘जागच्या जागी पेटवून द्या, दोन दिवसांत जमीन मोकळी’, हा सल्ला अशा वेळी हमखास पुढे येतो. या सल्ल्यावर सरकारी परवानगीचा शिक्का कधीही बसू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सल्ला देणाऱ्यांची अडचण खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. पंचायतीची तिजोरी तोकडी असते, ट्रकचे भाडे परवडत नाही, ढिगारा टाकण्यास जागा मिळत नाही. पडून राहिलेल्या ढिगाऱ्यात पावसाळ्यात पाणी साचते, डास होतात, सापांना आसरा मिळतो, आणि पाहता पाहता शेजारपाजारचा कचराही तेथेच येऊन पडतो. अशा वेळी काडेपेटी हा सर्वांत स्वस्त उपाय वाटला, तर नवल नाही. परंतु स्वस्त वाटणारा उपाय खरोखरच स्वस्त आहे काय, हे पाहिले पाहिजे.

पाडकामाच्या ढिगाऱ्यात वजनाने अधिक भाग असतो तो चिऱ्यांचा, विटांचा, सिमेंट-काँक्रीटचा आणि मातीचा. यातले काहीच जळत नाही. आग विझल्यावर ते सारे काळवंडून तेथेच उरते आणि उचलण्याचा खर्च काही टळत नाही. जळते ते लाकूड, प्लायवूड, पीव्हीसीचे पाइप, विजेच्या तारा, प्लॅस्टिकच्या टाक्या आणि गाद्यांतला फोम. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडचा दाहक वायू सुटतो आणि डायॉक्सिन नावाची विषारी द्रव्ये तयार होतात. प्लायवूडच्या डिंकातून फॉर्माल्डिहाइड बाहेर पडते. घरगुती रंगांतील शिशावर आपल्या देशात कडक मर्यादा आली ती २०१७ मध्ये. त्यापूर्वीच्या दारे-खिडक्यांवरचे शिसे जळून नाहीसे होत नाही, ते धुरात आणि राखेत उतरते. जुन्या छपरांचे अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे आगीत तडकून फुटतात आणि त्यांचे अदृश्य तंतू हवेत मिसळतात. कचरा जाळण्याच्या भट्टीत साडेआठशे अंशांहून अधिक तापमान राखावे लागते आणि धूर गाळून सोडावा लागतो. मैदानातल्या धुमसत्या ढिगाऱ्याला ना तापमानाचा नेम, ना धुराड्याची चाळण!

अग्नीला आपण पावक म्हणतो. त्यात जे पडेल ते शुद्ध होते, अशी आपली परंपरागत श्रद्धा आहे. पण समिधा आणि तूप यांच्यासाठी असलेली ती श्रद्धा पीव्हीसीच्या पाइपला लावता येणार नाही. महाभारतात खांडववन जाळले गेले, तेव्हा त्या वनातला तक्षक बाहेर होता म्हणून वाचला. आणि पुढे अर्जुनाचा नातू परीक्षित त्याच्याच दंशाने गेला. आगीचा हिशेब जागच्या जागी मिटत नाही, हेच खरे. आजची राख पहिल्या पावसात वाहून शेजारच्या विहिरीत, ओहोळात आणि खाजनात जाणार आहे.

परवानगीने जाळल्याचे परिणाम काय होतात, याचे उदाहरण जगापुढे आहे. इराक व अफगाणिस्तानातील अमेरिकी लष्करी तळांवर प्लॅस्टिकपासून बांधकामाच्या लाकडापर्यंत सारा कचरा वर्षानुवर्षे उघड्या खड्ड्यांत जाळला जात होता. त्या धुरात वावरलेल्या सैनिकांच्या आजारांची जबाबदारी घेणारा कायदा अमेरिकेला अखेर १० ऑगस्ट २०२२ रोजी करावा लागला. आपल्याकडे सोनसोड्याची आग मडगावकर विसरलेले नाहीत. तेथे जळत होता तो शहराचा कचरा, आणि ती आग कोणाच्या परवानगीने लागलेली नव्हती. तरीही २०१९ च्या मे महिन्यात त्या परिसरातील लोकांनी दिवसचे दिवस जो धूर सोसला, तो पुरेसा धडा नाही काय?

कायद्याची स्थिती तर निःसंदिग्ध आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २२ डिसेंबर २०१६ रोजी उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली. साध्या प्रकारास ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावरील जाळपोळीस २५ हजार रुपये भरपाई ठरविली. जे कृत्य नागरिकाने केले तर दंडास पात्र, ते सरकारी जमिनीवर सरकारी परवानगीने केले म्हणजे पुण्यकर्म कसे ठरते? २०१६ च्याच पाडकाम-कचरा नियमांनी मोठ्या पाडकामात काँक्रीट, माती, पोलाद-लाकूड-प्लॅस्टिक आणि विटा-गिलावा असे चार भाग वेगळे करण्याचे बंधन घातले. त्यांची जागा घेणारे नवे नियम २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून १ एप्रिल २०२६ ही त्यांच्या अंमलाची तारीख आहे.

आणि हे वेगळे करणे आपल्या लोकांना नवे आहे थोडेच? जुने घर उतरवताना गोमंतकीय माणूस मंगळुरी कौले एकेक करून काढतो, वासे आणि चौकटी बाजूला ठेवतो, चिरे पुन्हा बांधकामास घेतो किंवा विकतो. घर ‘उतरवणे’ आणि घर ‘पाडणे’ यांतला फरक आपल्या गवंडी-सुतारांना कोणी शिकवावा लागत नाही. काँक्रीटची खडी करून ती पुन्हा वापरण्यास भारतीय मानकानेही २०१६ पासून ठराविक मर्यादेत मान्यता दिली आहे.

शेवटी हा धूर कोणाच्या छातीत जातो, तेही पाहावे. तो सचिवालयाच्या खिडकीपर्यंत पोहोचत नाही. तो जातो शेजारच्या वाड्यातल्या म्हाताऱ्यांच्या आणि तान्ह्या मुलांच्या छातीत. तांब्यासाठी तारा जाळणाऱ्या भंगारवेचकाच्या छातीत. आणि कित्येकदा ज्याचे घर पडले त्याच्याच छातीत.

म्हणून आमची मागणी साधी आहे. पाडकामाचा आदेश ज्या कागदावर निघेल, त्याच कागदावर ढिगारा कोण वेगळा करील, कोठे नेईल आणि त्याचा खर्च कोण देईल, हे लिहिलेले असावे. ते लिहिल्यावाचून हातोडा उचलू नये. जमीन मोकळी करण्याचा सरकारला अधिकार आहे. लोकांच्या श्वासात ती रिकामी करण्याचा नाही.