अधिकमासाच्या साली काय लावायचं?

पहाटे चार. कपाळाला बॅटरी बांधून आम्ही चौघी गुलछडीच्या सरीत शिरतो. अक्षय्य तृतीया होऊन गेली, वैशाखातली लग्नं दाट आहेत, म्हणून उमललेलं एकही फूल झाडावर ठेवायचं नाही. हाराची सुट्टी फुलं ऊन यायच्या आत खुडावी लागतात. उशीर झाला तर यवतहून गुलटेकडीला पोचेपर्यंत ती मऊ पडतात. आमच्याकडे सिंगलचा एक तुकडा आहे नि डबलचा एक. सिंगल वासाला दांडगी, तिची फुलं किलोवर जातात. डबलची मात्र काडी कापायची, तळची एकदोन फुलं उमलली की लगेच. जास्त उमलू दिली तर मांडवात लागेपर्यंत खालची फुलं तपकिरी होतात.

साडेपाच. क्रेट भरले, काड्यांच्या गड्ड्या कागदात गुंडाळल्या. भाऊजी टेम्पो घेऊन सोलापूर रस्त्याला लागले.

साडेसात. चहा आणि कालची पट्टी. पट्टी मी दोनदा वाचते, एकदा पैशासाठी, एकदा पुढच्या लागवडीसाठी. सुट्टा एका ओळीत, काडी दुसऱ्या ओळीत. सुट्टं फूल देवाला आणि हाराला जातं, तिथं वजन आणि रंग बघतात. काडी गुच्छात, फुलदाणीत, स्टेजवर जाते, तिथं लांबी आणि सरळपणा बघतात. नव्याने फुलं लावू म्हणणारी माणसं मळा बघायला येतात आणि फुलांचे फोटो काढून नेतात. मी त्यांना सांगते, आधी देठ बघा. देठ ताठ आहे का, कापल्यावर पाणी ओढतो का, चार दिवस टिकतो का, आणि एकदा कापल्यावर झाड पुन्हा फुटतं का. गुलछडीचा कंद एकदा लावला की तीन वर्षं फुलं देतो. ॲस्टर एकदा कापलं की झाड संपलं, पुन्हा बी, पुन्हा रोप. दिसायला दोन्ही फुलंच, पण शेतात ती अगदी वेगळ्या हिशेबाची पिकं आहेत.

नऊ. अण्णा, म्हणजे माझे सासरे, ओसरीवर पंचांग उघडून बसलेत. आजच्या दिवसातलं खरं काम हे.

"यंदा ज्येष्ठ दोन हायेत," ते म्हणाले.

"म्हणजे गणपती पुढं गेले ना, मामा?"

"सगळंच पुढं गेलं."

१७ मे ते १५ जून २०२६ अधिक ज्येष्ठ. धोंड्याच्या महिन्यात लग्नं नाहीत, म्हणजे काडीला गिऱ्हाईक नाही. देवळांना सुट्टी फुलं लागतील तेवढीच. पण माझं लक्ष त्याच्याही पुढं आहे. गेल्या साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, यंदा १४ सप्टेंबरला आहे. दसरा २ ऑक्टोबरवरून २० ऑक्टोबरला गेला, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. अठरा-एकोणीस दिवसांची ही सरक आमच्यासाठी फार मोठी, कारण आम्ही फूल निवडत नाही, फूल तोडायची तारीख निवडतो. तारीख ठरली की तिथून मागं मोजत यायचं.

मोजायला सोपा झेंडू. रोप लावल्यापासून दोनेक महिन्यांनी पहिला तोडा. दसऱ्याला माल हवा तर ऑगस्टच्या मध्याला लागवड, त्याआधी पंचवीसेक दिवस रोपाला. तेच झाड दिवाळीलाही फुलं देतं. झेंडूला दिवस मोजता येतात.

शेवंतीला पंचांग कळत नाही. ती सूर्य बघते. एप्रिल-मेमध्ये काश्या लावा, शेंडे खुडा, ती फुटवे धरत राहते. २१ जूननंतर दिवस आखडत जातो, रात्र पुरेशी लांबली की मगच कळी धरते. आपल्याकडे मुख्य बहर ऑक्टोबरात. काही जण रात्री शेतात बल्ब लावून तिला दिवस लांब असल्याचं भासवतात आणि फुलं हवी तेव्हापर्यंत मागं ढकलतात. आमच्याकडे तेवढ्या विजेचा भरवसा नाही. म्हणून शेवंती आमच्यासाठी नशिबाचा खेळ असते: सण लवकर आले तर ती कळीत, उशिरा आले तर ऐन भरात. यंदा घटस्थापना ११ ऑक्टोबरला आहे. सण चंद्रावर चालतात, शेवंती सूर्यावर, आणि दोघांची वेळ एवढी जुळून येणं दरवर्षी होत नाही. मला यंदा शेवंतीच वाढवायची आहे.

अण्णांना झेंडू हवा. "दसऱ्याला शेवंतीचं तोरण कोण बांधतंय?"

बरोबर आहे. पण दसऱ्याला झेंडू सगळेच आणतात, आणि त्या दुपारी रस्त्याकडेला टाकून दिलेले ढीग आम्हीही बघितलेत. शेवंतीचं तसं नाही. दिवाळी झाली तरी पुढं मार्गशीर्षाचे गुरुवार आहेत. अण्णा काही बोलले नाहीत. म्हणजे अर्धं पटलं.

अकरा. रोपवाटिकेत. आज घाई फक्त ॲस्टरची. एक महिना रोप, त्यापुढे अडीच-तीन महिने फुलाला. चौदा सप्टेंबरपासून मागं मोजलं की बी मेच्या मध्याला ट्रेमध्ये पडलं पाहिजे. बी ताजंच घ्यायचं, ॲस्टरच्या बियाची उगवण लवकर घटते. गणेशखिंडला निघालेल्या 'फुले गणेश' वाणांमधला जांभळा आणि पांढरा मागितला. गुलाबीही छान, पण गणपतीच्या गड्डीत जांभळाच आधी उचलला जातो.

दुपारी ऊन. दोन तास कुणी शेतात जात नाही.

साडेतीन. कोणतं फूल हे ठरलं तरी कुठं लावायचं हे उरतं. गेल्या वर्षीच्या ॲस्टरच्या जागी पुन्हा ॲस्टर नाही. मर रोगाची बुरशी मातीत राहते. विहिरीकडच्या तुकड्यात वांगी होती, मुळांना सूत्रकृमीच्या गाठी दिसल्या, तिथं झेंडू. झेंडूच्या मुळांतल्या द्रव्याने सूत्रकृमी कमी होतात, त्यामुळे भाव पडला तरी जमिनीला काहीतरी मिळतंच. शेवंतीला पाणी साचलेलं चालत नाही, तिला वरचा उताराचा तुकडा. मावशींबरोबर काश्या निवडायला बसले: मूळ धरलेल्या, निरोगी आणि बुटक्या तेवढ्या घेतल्या, लांबट पिवळ्या फेकल्या.

पाच. सजावटवाल्यांचा फोन. त्यांना "भरायला काहीतरी पिवळं" पाहिजे. बांधाकडेला गोल्डन रॉडच्या दोन ओळी आहेत, कापून पुन्हा फुटणाऱ्या. त्याचं कौतुक कुणी करत नाही, गुच्छात तो मागंच राहतो, पण त्याच्याशिवाय गुच्छ उघडा दिसतो. भाव कमी, पण बाराही महिने काहीतरी देत राहतो. अजून एक ओळ वाढवायची.

साडेसहा. उद्याच्या ऑर्डरीच्या काड्या संध्याकाळी कापल्या. दिवसभराच्या उन्हाने काडीत साखर साठलेली असते, ती जास्त टिकते. खालची पानं काढली, बादल्या घासून स्वच्छ पाणी भरलं, काड्या रात्रभर सावलीत उभ्या केल्या.

नऊ. वही. फुलांचं रान पन्नास गुंठे. गुलछडी पंधरा, ती आहे तशी. ॲस्टर दहा, शेवंती पंधरा, झेंडू दहा. अण्णांनी चष्मा लावून आकडे बघितले, माझ्या हातातलं पेन घेतलं, शेवंतीतले दोन गुंठे कापून झेंडूत घातले आणि झोपायला गेले. सकाळी मी त्यांना विचारणार आहे, ते दोन गुंठे कुठल्या बाजूचे?