एक काडतूस, दोन हत्यारे

पॉइंट ३२ बोअरचे ‘स्मिथ अँड वेसन लाँग’ हे काडतूस भारतात दोन अगदी निराळ्या हत्यारांत भरले जाते. त्यातले एक कानपूरच्या आयुध निर्माणीचे ‘निर्भीक’. २०१४ साली बाजारात आलेले हे सहाबारी रिव्हॉल्व्हर वजनाला अर्ध्या किलोच्या आसपास आहे आणि पर्समध्ये मावते. दुसरे म्हणजे २५ मीटर सेंटरफायर स्पर्धेत वापरले जाणारे युरोपीय बनावटीचे पिस्तूल. त्याचे वजन १४०० ग्रॅमपर्यंत चालते आणि त्याला हाताच्या मापाची लाकडी मूठ असते. त्याच्या काडतुसातली गोळी तेवढी सपाट तोंडाची असते. तिने कागदावर स्वच्छ गोल भोक पडते आणि गुण नेमके मोजता येतात. नेमबाजीही करता यावी आणि प्रसंगी अंगावर झाकून नेताही यावे, असे एकच हत्यार शोधणाऱ्याने आधी ही दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

निवडीची पहिली चौकट कायदा आखतो. १९५९च्या शस्त्र अधिनियमाखाली ९ मिलिमीटर आणि पॉइंट ४५ ही बोअर सामान्य नागरिकाला निषिद्ध आहेत. अमेरिकेत अशा दुहेरी उपयोगासाठी सर्रास ९ मिलिमीटरचे पिस्तूल सुचवले जाते, पण तो सल्ला इथे निरुपयोगी ठरतो. हाती उरतात ती मुख्यतः पॉइंट २२ आणि पॉइंट ३२. २०१९च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात, त्यामुळे चुकीच्या खरेदीने अर्धी मर्यादा संपते. सार्वजनिक ठिकाणी नेताना हत्यार होल्स्टरमध्ये आणि झाकलेले असावे, असे नियम सांगतात.

दोन्ही कामांतला खरा विरोध नळीच्या लांबीपाशी सुरू होतो. नेम धरताना मागच्या खाचेत पुढची माशी मधोमध बसवायची असते. या दोहोंमधले अंतर जितके कमी, तितकी तीच चूक लक्ष्यावर मोठी होऊन उमटते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार २५ मीटरच्या पिस्तुलात हे अंतर जास्तीत जास्त २२० मिलिमीटर असू शकते. माशी एका मिलिमीटरने सरकली, तर २५ मीटरवर गोळी सुमारे ११४ मिलिमीटर दूर जाते. अचूकतेच्या फेरीतल्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे ५० मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणून तेवढ्याने गोळी सहाच्या वर्तुळात पडते. खाच आणि माशी ११० मिलिमीटरवर असलेल्या आखूड रिव्हॉल्व्हरमध्ये हीच चूक दुप्पट होते आणि गोळी लक्ष्याच्या काठाशी जाते. हात तोच, डोळा तोच. फरक फक्त हत्याराच्या लांबीचा. लांब नळी मात्र कमरेला टोचते, सदऱ्याखालून दिसते आणि बसताना अडते.

वजनाचेही तसेच. जड पिस्तूल झटका पचवते आणि हात स्थिर ठेवते. हलके रिव्हॉल्व्हर दिवसभर वागवता येते, पण प्रत्येक बाराला मनगटात उसळते. असे हत्यार सरावाला नकोसे होते आणि सराव नसलेल्या माणसाच्या हातात ते त्याच्यासह सगळ्यांना धोक्याचे ठरते. ‘कधीतरीच बाळगायचे’ म्हणून हलके घेणाऱ्यांनी या मुद्द्यापाशी सर्वांत जास्त थांबायला हवे.

चाप हा सर्वांत निर्णायक भाग. स्पर्धेच्या २५ मीटर पिस्तुलात चापाचा ताण किमान १००० ग्रॅम असावा लागतो, १० मीटर एअर पिस्तुलात ५०० ग्रॅम. इतका हलका चाप रेंजवर योग्य, कारण तिथे नळी कायम लक्ष्याकडे असते आणि आदेशाशिवाय कोणी काडतूस भरत नाही. खिशात किंवा कमरेला मात्र तो जीवघेणा ठरू शकतो. घोडा न चढवता रिव्हॉल्व्हरचा चाप ओढताना कित्येक पट जोर लागतो. हा जडपणाच सुरक्षेचा भाग आहे, आणि नेम बिघडण्याचे कारणही. चाप हलका करून घेतलेले हत्यार बाळगणे हा सरळ अविचार आहे.

मूठ निवडताना घाई करू नये. पिस्तूल रिकामे असल्याची स्वतः खात्री करावी, नळी सुरक्षित दिशेला ठेवावी आणि डोळे मिटून हात नेहमीसारखा उचलावा. डोळे उघडल्यावर माशी खाचेत आपोआप मधोमध दिसली, तर मूठ हाताची. ती डावीकडे किंवा उजवीकडे गेली, तर मनगट दर वेळी दुरुस्ती करत राहणार आणि थकल्यावर चुकणार. बोटाचे पहिले पेर चापावर सपाट बसून तो सरळ मागे यायला हवा. स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ कानशीने घासून, लांबी भरून हातासारखी करून घेता येते आणि तळहाताखालचा आधार वरखाली सरकवता येतो. खिशातल्या रिव्हॉल्व्हरमध्ये ही सोय जवळजवळ नसते. म्हणून ते हातात न धरता केवळ किंमत आणि वजन पाहून घेऊ नये.

कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळवले. तो प्रकार पॉइंट २२चा आहे. या बोअरला झटका नगण्य असतो आणि काडतूस तुलनेने स्वस्त पडते, म्हणून नेमबाजीसाठी तेच पहिले घ्यावे. स्वसंरक्षणासाठी ते अपुरे मानले जाते. तिथे पॉइंट ३२चे साधे, खात्रीने चालणारे रिव्हॉल्व्हर बरे. त्याच्याकडून पदकाची अपेक्षा ठेवू नये. घरी कोणतेही हत्यार रिकामे आणि कुलपात, काडतुसे वेगळ्या कुलपात. यात सवलत नाही.

एकाच हत्याराने दोन्ही कामे चांगली होत नाहीत. मधली तडजोड केली, तर रेंजवर गुण जातात आणि कमरेला अडचण होते. ज्याला नेमबाजीची ओढ आहे, त्याने ४.५ मिलिमीटरच्या एअर पिस्तुलापासून सुरुवात करावी. २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या अशा हवेच्या हत्याराला २०१६च्या नियमांनुसार परवाना लागत नाही. मूठ, चाप आणि माशी यांचे सगळे शिक्षण त्यावर होते आणि पुढे पॉइंट २२ घेताना आपल्या हाताला काय हवे ते कळलेले असते. बाळगण्याचे हत्यार ज्याला खरोखर धोका आहे त्यानेच घ्यावे, आणि घेतले तर त्याच हत्याराने रेंजवर नियमित सराव करावा.