खाडा आणि पथ्य
दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे फडाकडे निघतात. पती-पत्नी मिळून ‘एक कोयता’. एका दिवसाचा खाडा झाला तरी मुकादम पैसे कापतो. २०१९ मध्ये शासकीय समितीने पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीचा खाडा कायमचा टळावा, हाही त्यामागील एक हिशेब!

श्वेतप्रदराच्या अशा रुग्णेस आपण विश्रांती आणि काढा सांगतो. पालावर शौचालय नसते. मूत्रवेगधारण तिला चुकत नाही. निदानपरिवर्जन तिच्या हाती कोठे आहे? निदान काढ्याऐवजी वटी द्यावी; हंगामाला निघण्यापूर्वी आली तर महिनाभराची, औषधालयाने प्रसंगी उधारीवर. आणि शस्त्रक्रियेचा कागद घेऊन आल्यास दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचे मत घेतल्यावाचून तिला जाऊ देऊ नये.