जुना मोडेम आणि लिनक्सचा संगणक



मालवणातल्या एखाद्या घराच्या माळ्यावर, चाकरमान्याने पूर्वी मुंबईहून आणलेला मोडेम आजही धूळ खात पडलेला असेल. तो भंगारात देण्यापूर्वी एवढेच विचारावे : हे यंत्र आपले काम स्वतः जाणते, की दुसऱ्याच्या डोक्याने चालते?

मोडेम म्हणजे दुभाषी. संगणकाला शून्य आणि एक एवढेच कळते. टेलिफोनच्या तारेतून मात्र सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झपर्यंतचे आवाजच जातात. मोडेम आकड्यांचे आवाज करतो व आलेल्या आवाजांचे पुन्हा आकडे करतो. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसारख्या महानगरांत इंटरनेट लोकांस खुले केले, ते याच दुभाष्याच्या भरवशावर.

या दुभाष्यांच्या दोन जाती आहेत. पहिला बाहेरून जोडायचा, स्वतःचे दिवे असलेला. अमेरिकेतील हेझ कंपनीने १९८१ साली आणलेल्या, ‘एटी’ने सुरू होणाऱ्या आज्ञा तो जाणतो. दुसरा संगणकाच्या पोटातला ‘विनमोडेम’. तो स्वस्त व्हावा म्हणून त्याचे बरेचसे काम विंडोजवरच्या आज्ञावलीकडे सोपविले गेले, आणि तिचे मर्म उत्पादकांनी बहुधा गुप्त ठेवले. लिनक्सवर हा दुसरा बहुधा मुका राहतो. पहिला मात्र लगेच बोलू लागतो.

आता प्रत्यक्ष कृती. नव्या संगणकाला नऊ टाचण्यांचे सिरियल भोक नसते; त्यासाठी यूएसबीची जोडतार घ्यावी. लिनक्समध्ये आपले नाव ‘डायलआउट’ या गटात घालावे, म्हणजे त्या मार्गावर लिहिण्याची परवानगी मिळते. मग ‘मिनिकॉम’ उघडून ‘एटी’ असे लिहावे. ‘ओके’ असे उत्तर आले, की निम्मे काम झाले. नंबर फिरवताना ‘डायलटोन नाही’ अशी तक्रार आली, तर घाबरू नये. परदेशी मोडेमला आपल्याकडचा डायलटोन पुष्कळदा ओळखता येत नाही. ‘एटीएक्स३’ ही आज्ञा दिली, की तो त्याची वाट न पाहता नंबर फिरवतो.

आपल्या खाऱ्या हवेत तारेच्या टोकांवर कळंक चढते. ती आधी पुसावी. वळवाच्या विजा कडाडू लागल्या, की टेलिफोनची तार काढून ठेवावी.

डायल-अपचे दिवस सरले, मग हा खटाटोप कशाला? कारण दोन घरांतले दोन मोडेम थेट एकमेकांशी बोलू शकतात. मध्ये इंटरनेट पुरविणारी कंपनी लागत नाही. जुन्या तांब्याच्या तारेवर वेग फार तर सेकंदाला ३३,६०० बिट. तीन मेगाबाइटच्या छायाचित्रास बारा मिनिटे लागतील, पण पानभर मराठी पत्र दोन-तीन सेकंदांत मालवणहून कुडाळास पोचेल. नव्या फायबरच्या जोडणीवर आवाज दाबला जात असेल, तर वेग आणखी कमी ठेवावा.

कित्येक विनमोडेम भंगारात गेले, ते बिघडले म्हणून नव्हे. त्यांची भाषा मालकाला कुणी सांगितली नाही म्हणून. पैसे आपले, वस्तू आपली, पण किल्ली दुसऱ्याकडे! लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली आरंभिलेले लिनक्स टिकले, ते त्याची भाषा सर्वांस खुली असल्यामुळे. तेव्हा उद्या होडीवरचे दिशादर्शक यंत्र घ्या वा घरचा प्रिंटर, दुकानदाराला किमतीआधी हे विचारा : याची भाषा खुली आहे काय?