एकाला मानवते, दुसऱ्याला बाधते

सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली एका ब्रिटिश नियतकालिकात मांडले. (आमचे महाराजा सयाजीराव विद्यापीठही त्याच वर्षाचे!) पुढे गोळ्या पुष्कळ आल्या, परंतु एकाला मानवणारी गोळी दुसऱ्याला बाधते, ही तक्रार काही मिटली नाही.

हायड्रालझिनचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. यकृतातील एक एन्झाइम या औषधाला ॲसिटिल गट जोडून ते निकामी करते. या एन्झाइमच्या जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. दोन्ही मंद निघाल्या तर औषध अंगात रेंगाळते. मोठी मात्रा कित्येक महिने चालली, की अशांपैकी काहींचे सांधे दुखतात, ताप येतो, ल्यूपससारखा विकार जडतो. क्षयावरचे आयसोनिआझिडही याच वाटेने जाते, आणि असे मंद प्रकृतीचे लोक आपल्या देशात थोडेथोडके नाहीत. मेटोप्रोलॉलचे एन्झाइम वेगळे. ते जन्मतः दुबळे असेल तर नेहमीच्या मात्रेनेही नाडी फार मंदावू शकते.

येथे वडोदऱ्यात आमच्या शेजारच्या काकूंना एनालाप्रिलने रात्र रात्र कोरडा खोकला येई. या गोळीने ब्रॅडिकायनिन नावाचे द्रव्य साचते. ते कोणाला बाधावे यात जनुकांचाही हात असावा, असे संशोधक मानतात. घरच्यांना मात्र ते काकूंचे नाटक वाटे. शेवटी त्यांनी गोळी परस्पर बंद केली, आणि रक्तदाब 190 वर गेला. डॉक्टरांनी लोसार्टन सुरू केले. महिनाभरात खोकला थांबला.