खोटा दाब, खरी ओढ

डिझेल हॅचबॅक कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा तिच्या इंजिनातून काढता येईल तेवढी सगळी ताकद काढलेली नसते, कारण कुठल्या पंपावर कसले डिझेल मिळेल, ऑइल वेळेवर बदलले जाईल की नाही, मे महिन्यात गाडी कुठल्या उन्हात धावेल आणि हमीच्या काळात तक्रार किती येईल, या सगळ्याचा विचार करून निर्माता हातचे काही राखून ठेवतो. हे राखलेले बाहेर काढण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ट्यूनिंग बॉक्स. साबणाच्या वडीपेक्षा जराशी मोठी ही डबी बॉनेटखाली दोन-तीन कपलरांच्या मध्ये जोडली आणि पट्टीने बांधली की काम झाले. इंजिन उघडावे लागत नाही आणि नको वाटल्यास डबी तितक्याच वेळात काढून घेता येते. भारतात बंगळूरच्या रेस डायनॅमिक्सचा डीझलट्रॉनिक हा या जातीतला ओळखीचा बॉक्स आहे.

ज्या इंजिनावर हे प्रयोग आपल्याकडे पुष्कळ झाले ते १,२४८ घनसेंटिमीटरचे मल्टिजेट इंजिन मूळचे फियाटचे. जानेवारी २००७ मध्ये ते मारुती स्विफ्टमधून भारतीय बाजारात आले आणि पुढे पुणे जिल्ह्यातील रांजणगावच्या कारखान्यातही तयार होऊ लागले, त्यामुळे महागणपतीचे रांजणगाव मोटारीच्या जाणकारांना आणखी एका कारणाने ठाऊक झाले. एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले तेव्हा मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. पण दिल्ली परिसरात डिझेल गाड्यांना दहा वर्षांची जी मर्यादा घालण्यात आली तशी तमिळनाडूत नसल्याने तंजावरच्या रस्त्यांवर या गाड्या अजून सर्रास दिसतात. कागदावर इंजिनाची ताकद ७५ अश्वशक्ती आणि टॉर्क, म्हणजे चाकाला फिरवणारी ओढ, १९० न्यूटन-मीटर आहे. टॉर्कचा हा आकडा इंजिनाच्या मिनिटाला २,००० फेऱ्यांवरचा आहे आणि ७५ अश्वशक्ती ४,००० फेऱ्यांवर मिळते, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे; कारण गणित केले तर २,००० फेऱ्यांवर प्रत्यक्ष हाती येणारी ताकद ५४ अश्वशक्तीच भरते आणि रोजच्या चालवण्यात संबंध येतो तो याच आकड्याशी.

डबी काय करते हे समजण्यासाठी कॉमन रेल ही रचना पाहावी लागते. १९९७ साली अल्फा रोमिओ १५६ या गाडीतून प्रवासी मोटारींत आलेल्या या पद्धतीत पंप डिझेलला प्रचंड दाबाने एका सामायिक नळीत भरून ठेवतो आणि प्रत्येक सिलिंडरचा इंजेक्टर, ज्याला गॅरेजमध्ये नोझल म्हणतात, इंजिनच्या संगणकाच्या आज्ञेनुसार काही सहस्रांश सेकंद उघडून त्या नळीतले डिझेल आत फवारतो. नळीतला दाब किती आहे हे एक सेन्सर अर्धा ते साडेचार व्होल्टच्या विजेच्या भाषेत संगणकाला कळवतो. ट्यूनिंग बॉक्स या दोघांच्या मध्ये बसतो आणि निरोप बदलतो: नळीत १,४०० बार दाब असताना तो संगणकाला १,३०० सांगतो, संगणक दाब कमी पडला असे समजून पंपाला जोर लावायला सांगतो आणि तेवढ्याच वेळात नोझलमधून जास्त डिझेल जाते. थोडक्यात, ही डबी एक शिस्तबद्ध खोटे बोलते.

मात्र खोटे किती बोलावे याला निसर्गानेच मर्यादा घातली आहे. नोझलमधून जाणारा प्रवाह दाबाच्या नव्हे, दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे दाब दहा टक्क्यांनी वाढवला तर डिझेल जेमतेम पाच टक्के वाढते आणि वीस टक्के डिझेल हवे असेल तर दाब ४४ टक्क्यांनी चढवावा लागेल, जो नळीला आणि पंपाला झेपणारा नाही. म्हणून बरे बॉक्स केवळ दाबाचे आकडे फिरवत नाहीत, तर नोझल उघडी राहण्याचा काळही किंचित लांबवतात. स्वस्त डब्यांत अनेकदा एखादा विद्युतरोधकच घातलेला असतो, आणि त्या घेऊ नयेत एवढे सांगून पुढे जाणे बरे.

आता तंजावरचा रस्ता. राजवाड्याभोवतीच्या राजवीथी, बाजार आणि जुन्या बसस्थानकाचा परिसर येथे गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, १,५०० फेऱ्यांच्या आसपास चालते, आणि तेथे डबीचा काहीही उपयोग जाणवत नाही. या इंजिनाचे जुने दुखणे असे की टर्बो, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून आत हवा कोंबणारा पंखा, २,००० फेऱ्यांच्या आधी नीट जागा होत नाही. आणि हवाच कमी असेल तर जास्तीचे डिझेल ताकद न देता काळा धूर देते. डबी डिझेल वाढवते, पण टर्बोला लवकर जागे करणे तिच्या हातात नसते. उलट आधी सुस्ती आणि मग एकदम धक्का, ही पायरी डबीमुळे अधिक उंच होते.

डबीचे खरे मोल कळते ते अय्यमपेट्टै आणि पापनाशमवरून कुंभकोणमला जाणाऱ्या जुन्या दुपदरी रस्त्यावर. कावेरीचा हा त्रिभुज प्रदेश तळहातासारखा सपाट. येथे खंडाळ्यासारखा घाट चढायचा नाही, पण बस, ट्रॅक्टर आणि ऊस किंवा भात भरलेल्या लॉऱ्या ओलांडत राहावे लागते, आणि जानेवारी-फेब्रुवारीत सांबा हंगामाचे भात कापले गेले की रस्त्याची एक कड वाळत घातलेल्या भाताने अडलेली असते. अशा वेळी साठच्या वेगाने चाललेल्या बसमागून नव्वदपर्यंत जायला लागणारा वेळ महत्त्वाचा ठरतो. प्रवाशांसह तेराशे किलो वजनाच्या गाडीचा ढोबळ हिशेब मांडला तर मूळ अवस्थेत यासाठी साडेसात सेकंद लागतील आणि ताकद वीस टक्क्यांनी वाढली तर सहा. दीड सेकंद क्षुल्लक वाटतो. परंतु समोरून येणारी गाडीही ताशी पंचाहत्तरच्या वेगात असेल तर त्या दीड सेकंदात दोघींमधले अंतर साठेक मीटरने घटलेले असते. चालकाला हे आकड्यांतून नव्हे, पायातून कळते: जेथे तिसरा गिअर टाकून ॲक्सिलरेटर तळाला टेकवावा लागे तेथे चौथ्यात अर्धा दाबला तरी गाडी ओढते, आणि पिकअप वाढला असे ज्याला म्हणतात तो हाच.

वल्लम, सेंगिपट्टीवरून तिरुचिरापल्लीला जाणाऱ्या चौपदरी महामार्गावर हा आनंद पुष्कळ कमी होतो, कारण ३,५०० फेऱ्यांच्या पुढे छोट्या टर्बोची हवा पुरेनाशी होते आणि डबीही थकते. त्यात मे महिन्यात, तमिळ लोक ज्याला अग्निनक्षत्र म्हणतात त्या दिवसांत, हवा तापून विरळ झालेली असते; जास्तीच्या डिझेलला प्राणवायू कमी पडतो आणि बाहेर पडणारा धूर टर्बोला अधिक भाजतो. अशा उन्हात डबीच्या जोराची सर्वांत सौम्य पायरी ठेवणे शहाणपणाचे, आणि लांब पल्ला संपल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवणे त्याहून शहाणपणाचे.

सर्वांत मोठा गैरसमज ॲव्हरेजबद्दल आहे. डबी बसवल्यावर डॅशबोर्डवरचा आकडा वाढतो आणि मालक खूश होतो. पण तो आकडा संगणक आपल्याला कळलेल्या दाबावरून काढतो, आणि तो दाब तर डबीने कमी करून सांगितलेला असतो. जेवढे डिझेल प्रत्यक्ष जळते त्यापेक्षा कमी जळाले असे संगणक प्रामाणिकपणे समजतो. खरा हिशेब टाकी काठोकाठ भरून, अंतर नोंदवून आणि पुन्हा भरूनच मिळतो. गिअर कमी बदलावे लागल्याने संथ चालवणाऱ्याला थोडा फायदा होऊही शकतो, पण वाढलेल्या ओढीची चटक लागलेला चालक संथ चालवत नाही.

किंमत मोजावी लागते ती क्लच प्लेटला आणि टर्बोला. मूळ टॉर्कसाठी बनवलेली आणि लाखभर किलोमीटर झिजलेली प्लेट २२० न्यूटन-मीटरपुढे चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये घसरू लागते; फेऱ्यांचा काटा चढतो पण वेग वाढत नाही, ही तिची खूण. बीएस-६ गाड्यांत प्रश्न आणखी अवघड आहे: त्यांना प्रति किलोमीटर नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा बीएस-४च्या ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ ग्रॅमवर आणलेली आहे, आणि काजळी अडवणारी गाळणी बसवलेली आहे. जास्तीच्या डिझेलची काजळी ही गाळणी लवकर भरते आणि ती बदलण्याचा खर्च डबीच्या किमतीच्या कितीतरी पट असतो. त्या गाड्यांना हा उद्योग करू नये, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

कायदाही मालकाच्या बाजूचा नाही. मोटार वाहन कायदा, १९८८च्या, वाहनातील बदलांवर बंधन घालणाऱ्या कलम ५२चा कडक अर्थ सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार मनाई असलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येतो तो वेगळाच. डबी काढून सर्व्हिसिंगला गाडी नेणे ही सर्वांना ठाऊक असलेली युक्ती आहे, परंतु तिने कलम बदलत नाही आणि झिजलेली प्लेटही भरून येत नाही.

एवढे समजूनही ज्याला मोह आवरत नसेल त्याने डबीच्या आधी ब्रेक, टायर आणि क्लच तपासून घ्यावेत आणि जुन्या अवस्थेत तीन टाक्यांचे ॲव्हरेज वहीत लिहून ठेवावे, कारण डबी बसल्यानंतर डॅशबोर्डचा आकडा ग्राह्य धरता येणार नाही.