प्लिम्सॉलची रेषा

मोठ्या बंदरात धक्क्याला लागलेले मालवाहू जहाज पाहणाऱ्याची नजर प्रथम त्याच्या उंच डोलकाठ्यांकडे, माल उचलणाऱ्या याऱ्यांकडे आणि धुराड्याकडे जाते. जहाजाच्या कुशीवर, बरोबर मध्यभागी, एक लहानशी खूण असते. तिच्याकडे मात्र फारच थोड्यांचे लक्ष जाते. सुमारे फूटभर व्यासाचे एक वर्तुळ, त्याच्या मध्यातून जाणारी एक आडवी रेषा आणि शेजारी शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे काढलेल्या काही आखूड रेषा, एवढेच तिचे स्वरूप. नवख्या माणसाला ती खूण केवळ शोभेची वाटते. परंतु खलाश्यांच्या दृष्टीने जहाजावरील दुसरी कोणतीही खूण इतकी मोलाची नाही. जहाजात माल किती भरावा आणि कोठे थांबावे, हे ती सांगते. तिला भाररेषा म्हणतात. ती आखली जावी म्हणून झटलेल्या एका पुरुषाच्या नावावरून तिला प्लिम्सॉलची रेषा असेही नाव मिळाले आहे.

अशी मर्यादा घालण्याची आवश्यकता का पडावी? पाण्यावर तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते, हा नियम आर्किमिडीजने दोन हजार वर्षांपूर्वीच सांगितला. जहाजात जसजसा माल चढतो, तसतसे ते अधिकाधिक खाली बसते आणि पाण्यावर राहिलेली त्याची बाजू कमी कमी होत जाते. पाण्यावरचा हा भाग रिकामा आणि निरुपयोगी दिसला, तरी तोच जहाजाचा खरा आधार होय. वादळात लाट अंगावर आली, किंवा एखाद्या फटीतून पाणी आत शिरले, तर वाढलेला भार पेलण्याची शक्ती याच भागात राखून ठेवलेली असते. ती शक्ती शिल्लक नसेल, तर लाटा डेकवर चढतात, झाकणे फोडून कोठारात शिरतात आणि जहाज पुन्हा वर येत नाही. खाडीतून उतारू नेणारा जुना तांडेलही होडीचा काठ पाण्यावर किती उरला आहे हे पाहूनच, आता आणखी माणूस घ्यायचा नाही, असे बजावत असे. भाररेषेचे तत्त्व याहून निराळे नाही.

मात्र होडीतील तांडेल स्वतः त्याच होडीत बसलेला असतो. जहाजाचा मालक बहुधा किनाऱ्यावर असतो, आणि खरी अडचण तेथेच आहे. समजा, एखादे जहाज दीडशे मीटर लांब आणि वीस मीटर रुंद आहे. ते एक सेंटिमीटर अधिक खाली बसले, म्हणजे त्यात सुमारे पंचवीस टन माल अधिक मावला असे होते. वीस सेंटिमीटर खाली बसले, तर जवळजवळ पाचशे टन! जहाज तेच, खलाशी तेच, आणि पाचशे टनांचे भाडे मात्र जास्तीचे. समुद्र शांत असेल, तर हा लाभ विनासायास पदरात पडतो. समुद्र खवळला, तर त्याची किंमत किनाऱ्यावर बसलेल्या मालकाला नव्हे, तर जहाजावरील माणसांना द्यावी लागते.

हा धोका जुन्या दर्यावर्दी लोकांच्या ध्यानात आला नव्हता असे नाही. मध्ययुगात व्हेनिसच्या जहाजांवर क्रुसाची आणि जिनोआच्या जहाजांवर तीन रेषांची खूण करीत असत. १८३५ साली लंडनमधील लॉइड्स या जहाजनोंदणी संस्थेने एक साधा नियम सुचवला. कोठाराच्या दर फूट खोलीमागे तीन इंच या प्रमाणात जहाजाची बाजू पाण्यावर राहावी, असा तो नियम होता. परंतु तो पाळण्याची सक्ती कोणावरही नव्हती.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडचा व्यापार भराभर वाढला. कोळसा, लोखंड, धान्य आणि लाकूड यांनी खचाखच भरलेली जहाजे साऱ्या समुद्रांवरून जाऊ लागली. त्यांत जुनी, कुजलेली, डागडुजी करून कशीबशी उभी ठेवलेली जहाजेही होती. जहाज बुडाले, तर विम्याची रक्कम मालकाच्या हाती पडत असे; कित्येकदा तर जहाजाच्या खऱ्या किमतीहून अधिक रकमेचा विमा उतरवलेला असे. अशा जहाजांना लोक शवपेट्या म्हणत. खलाश्याची अवस्था मोठी कठीण होती. एकदा नोकरीच्या करारावर सही केल्यावर, हे जहाज धोक्याचे आहे म्हणून त्याने पाऊल मागे घेतले, तर कायद्याने त्याला तुरुंगात जावे लागे. पुढे समुद्र आणि मागे तुरुंग! १८६६ च्या जानेवारीत ‘लंडन’ नावाची आगबोट लोखंडाच्या व कोळशाच्या ओझ्याने जड होऊन ऑस्ट्रेलियाकडे निघाली असता बिस्केच्या उपसागरात वादळात बुडाली. दोनशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली; अवघी एकोणीस वाचली. लोक हळहळले, पण कायदा बदलला नाही.

सॅम्युअल प्लिम्सॉल हा खलाशी नव्हता आणि जहाजांचा मालकही नव्हता. त्याचा जन्म १८२४ साली ब्रिस्टल या बंदराच्या शहरी झाला. पुढे लंडनमध्ये त्याने कोळशाचा व्यापार आरंभला. पण त्यात तो साफ बुडाला आणि काही काळ त्याला गरीब कामकऱ्यांच्या स्वस्त वसतिगृहात राहावे लागले. कष्टकरी माणूस संकटातही दुसऱ्याच्या उपयोगी कसा पडतो, हे त्याने तेथे डोळ्यांनी पाहिले. पुढे दैव फिरले, व्यापारात यश आले, आणि १८६८ साली डर्बी शहराचा प्रतिनिधी म्हणून तो पार्लमेंटमध्ये निवडून आला. संपत्ती आली म्हणून तो वसतिगृहातील दिवस विसरला नाही.

जहाजांवरील भारास मर्यादा असावी, ही मागणी त्याच्या आधी न्यूकॅसलकडील जेम्स हॉल नावाच्या एका जहाजमालकाने केली होती. सारेच मालक लोभी होते असे नव्हे, हे यावरून दिसते. उलट, जो मालक सचोटीने माल भरी त्याला, बेताल भरणाऱ्यापुढे व्यापारात टिकाव धरणे कठीण जाई. प्लिम्सॉलने ही मागणी आपलीशी केली. या कामी त्याची पत्नी एलायझा हिची त्याला मोठी साथ लाभली. बंदरोबंदरी हिंडून माहिती गोळा करून १८७३ साली त्याने ‘आमचे खलाशी’ अशा अर्थाच्या नावाचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. बुडालेल्या जहाजांच्या हकीकती आणि मागे राहिलेल्या विधवांची दुःखे वाचून सारा देश हेलावला. चौकशीसाठी शाही आयोग नेमण्यात आला. काही मालकांनी मात्र प्लिम्सॉलवरच अब्रुनुकसानीचे खटले भरले.

अखेर १८७५ साली सरकारने या विषयावर एक विधेयक आणले. परंतु २२ जुलै रोजी पंतप्रधान डिझरायली यांनी ते त्या अधिवेशनापुरते बाजूला ठेवत असल्याचे जाहीर केले. विधेयक लांबणीवर पडले, म्हणजे येत्या हिवाळ्यात आणखी माणसे बुडणार, हे प्लिम्सॉलला स्पष्ट दिसत होते. त्याचा संयम सुटला. खलाश्यांना मृत्यूच्या तोंडी देणाऱ्यांचा त्याने भर सभागृहात ‘दुष्ट’ म्हणून धिक्कार केला आणि शब्द मागे घेण्यास नकार दिला. सभेच्या नियमांचा हा भंग होता. आठवड्याने त्याने त्याबद्दल सभागृहाची क्षमा मागितली. पण त्या आठवड्यात देश जागा झाला होता. गावोगाव सभा भरल्या आणि लोकमताचा रेटा सरकारला जाणवला. सदोष जहाज बंदरातच अडवून ठेवण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना देणारा तात्पुरता कायदा लगोलग संमत झाला. पुढील वर्षी, १८७६ साली, प्रत्येक जहाजावर भाररेषेची खूण असलीच पाहिजे असा कायदा झाला.

तरीही विजय पुरा झाला नव्हता. खूण हवी, असे कायदा म्हणत होता. ती कोठे हवी, हे मात्र ठरवीत नव्हता. ते ठरवणे मालकाच्याच हाती राहिले. ज्याला लाभ, त्यानेच मर्यादा आखायची! कुंपणच शेत खाऊ लागले, तर दाद कोणाकडे मागावी? मालकाने रेषा मन मानेल तितकी वर काढली, तरी कायद्याचा शब्द पाळला जात होता आणि खलाशी मात्र पूर्वीइतकाच असुरक्षित राहत होता. ही उणीव भरून निघण्यास आणखी चौदा वर्षे लागली. १८९० च्या कायद्याने रेषेची जागा मालकाच्या मर्जीवर न ठेवता ठरावीक कोष्टकांनुसार निश्चित केली, आणि तेव्हा कोठे त्या खुणेला खरा अर्थ आला. १९०६ साली ब्रिटिश बंदरांत येणाऱ्या परदेशी जहाजांनाही हा नियम लागू झाला. समुद्र कोणा एका देशाचा नसल्यामुळे नियमही सर्वांचा असणे आवश्यक होते. १९३० साली लंडनमध्ये त्याविषयी पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. १९६६ साली त्याच्या जागी नवा करार संमत झाला आणि तो १९६८ पासून अमलात आला.

या करारानुसार काढलेल्या खुणेची मापे ठरलेली आहेत. वर्तुळाचा बाहेरचा व्यास ३०० मिलिमीटर, त्यातून जाणाऱ्या रेषेची लांबी ४५० मिलिमीटर आणि जाडी २५ मिलिमीटर. गडद रंगाच्या जहाजावर ही खूण पांढऱ्या किंवा पिवळ्या रंगात आणि फिक्या रंगाच्या जहाजावर काळ्या रंगात काढतात. नुसता रंग पुसता किंवा सरकवता येईल. म्हणून खूण जहाजाच्या पत्र्यावर कायमची उमटवलेली असते. वर्तुळाची जागा ठरवताना जहाजाची लांबी, खोली, आकार आणि डेकवरील झाकणांची मजबुती यांचा हिशेब केला जातो.

शेजारच्या आखूड रेषांचे कारण मोठे मनोरंजक आहे. एकच जहाज निरनिराळ्या समुद्रांतून आणि निरनिराळ्या ऋतूंत प्रवास करते. मोठ्या वर्तुळाच्या रेषेच्या पातळीत उन्हाळी रेषा असते. तिच्यावर उष्ण कटिबंधाची रेषा असते, कारण तेथील समुद्र सामान्यतः सौम्य असतो. तिच्याखाली हिवाळी रेषा असते. या दोन्ही रेषा उन्हाळी रेषेपासून किती अंतरावर असाव्यात, याचाही नियम आहे. उन्हाळी रेषेपर्यंत जहाज जितके पाण्यात बुडते, त्याचा अठ्ठेचाळिसावा हिस्सा, इतके ते अंतर असते. जहाज ९६० सेंटिमीटर बुडत असेल, तर हे अंतर २० सेंटिमीटर भरेल. लहान जहाजांसाठी सर्वांत खाली आणखी एक रेषा असते. ती हिवाळ्यातील उत्तर अटलांटिक महासागरासाठी, कारण तो समुद्र त्या ऋतूत अतिशय उग्र असतो. गोड्या पाण्यासाठीही निराळ्या रेषा आहेत. एक घनमीटर गोड्या पाण्याचे वजन १,००० किलोग्रॅम, तर तेवढ्याच समुद्राच्या पाण्याचे सुमारे १,०२५ किलोग्रॅम असते. म्हणून नदीवरील बंदरात जहाज थोडे अधिक बुडते आणि समुद्रात पोहोचताच आपोआप वर उचलले जाते.

अरबी समुद्राचेही स्वतंत्र वेळापत्रक आहे. मुंबईपुढील समुद्र उष्ण कटिबंधातला खरा. पण मे महिन्याच्या शेवटच्या दिवसांपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तेथे उष्ण कटिबंधाची रेषा वापरता येत नाही. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी दर्या खवळलेला असतो. म्हणून जहाजाला उन्हाळी रेषेवरच थांबावे लागते, म्हणजे माल कमी भरावा लागतो. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवणाऱ्या कोकणातील कोळ्यांनी जे अनुभवाने जाणले, तेच जगाच्या कायद्याने अंकांत मांडले.

आता रेषेची जागा जहाजाचा मालक ठरवीत नाही. देशाचे शासन, किंवा त्याने मान्य केलेली तज्ज्ञांची संस्था ती ठरवते, आणि त्या संस्थेची आद्याक्षरे वर्तुळाच्या दोन्ही बाजूंना लिहितात. भारतात हे काम करणारी इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग ही संस्था १९७५ साली स्थापन झाली. तिचे मुख्य कार्यालय मुंबईत पवई येथे आहे. जहाजाला भाररेषेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते अधिकांत अधिक पाच वर्षे चालते आणि दरवर्षी जहाजाची तपासणी होते. रेषा पाण्याखाली गेलेले जहाज बंदरातील अधिकारी अडवून ठेवू शकतात.

प्लिम्सॉल १८९८ साली मरण पावला. त्यानंतर एकतीस वर्षांनी, १९२९ साली, लंडनमध्ये थेम्स नदीच्या काठी त्याचे स्मारक उभे राहिले. ते उभारले खलाश्यांच्या संघटनेने. ज्यांचे प्राण वाचावेत म्हणून तो झगडला, त्यांच्याच वारसांनी. रेषेने वादळे थांबवली नाहीत आणि समुद्राला शांत केले नाही. माणसाच्या लोभाला मात्र तिने एक सीमा घातली. ती सीमा लाभ घेणाऱ्याने स्वतः आखलेली नाही, आणि ती कोणा कचेरीच्या कपाटात बंदही नाही. धक्क्यावर उभा असलेला हमाल असो, खलाशी असो की शाळेतला मुलगा असो, ज्याला डोळे आहेत त्याला ती दिसते. पाणी रेषेच्या खाली आहे की वर, हे पाहण्यास मोठ्या विद्वत्तेची गरज लागत नाही.